गोर्लेंच्या ॲशेटमधली पाई

मंगळवार, ३१ डिसेंबर. सकाळचे सहा वाजून वीस मिनिटं झाली होती आणि वॅटी मॅकक्रिंडल पिठाला तिसरी घडी घालत होता. लांबट लाटलेल्या पट्टीचा वरचा तिसरा हिस्सा खाली, खालचा त्याच्यावर, टपालात टाकायचं पत्र दुमडावं तसा. मग पट्टी काटकोनात फिरवायची आणि पुन्हा लाटणं. शेगडी त्याने मुद्दाम पेटवली नव्हती. मागचं दार वीतभर उघडं होतं आणि गर्व्हन गावच्या बंदरावरून येणारा वारा सरळ ओट्यावर येत होता. पिठात लोण्याचे बोराएवढे गोळे अजून दिसत होते. ते दिसायलाच हवेत. लोणी विरघळलं की पापुद्रे सुटत नाहीत, पाईवर जाड भाकरी बसते.

अंगात लोकरी स्वेटर, डोक्यावर कानटोपी, हात उघडे. खाटकाचे हात गार असतात. एकोणपन्नास वर्षं शीतपेटीतून मांस काढायचं, कापायचं आणि परत ठेवायचं म्हटल्यावर रक्त बोटांच्या टोकापर्यंत जायचा कंटाळा करतं. पिठाला असेच हात लागतात, हे त्याला पासष्टी उलटल्यावर कळलं. त्याआधी त्याचा पिठाशी संबंधच आला नव्हता. मॅकक्लायमंट यांच्या दुकानात त्याने चौदा-पंधरा हजार पाई भरल्या असतील, पण वरची पोळी मागच्या गल्लीतल्या बेकरीतून लाटून, कागदात घालून यायची. ती पसरायची, कडा दाबायच्या, मधे भोक पाडायचं, पुढचं भांडं घ्यायचं.

त्याचं वय आता अडुसष्ट. लग्न केलं नाही. आई होती तोवर घरात दोन माणसं होती. ती जाऊन अकरा वर्षं झाली. दुकान बंद झाल्याला तीन.

घडी घातलेलं पीठ त्याने ओल्या फडक्यात गुंडाळलं आणि मागच्या पायरीवर ठेवलं. तिथेच रात्रभर पातेलं होतं. आत काल दुपारी तीन तास शिजवलेलं बीफ. रस्सा जेलीसारखा घट्ट धरला होता. मांस गार असल्याशिवाय त्यावर पोळी घालायची नाही. पहिल्या वर्षी हीच चूक झाली होती. गरम रश्श्याच्या वाफेने पोळी मऊ पडून मधोमध खचली, आणि भट्टीतून जे बाहेर आलं ते शेजाऱ्याच्या कुत्र्याने दोन हप्त्यांत संपवलं. दुसऱ्या वर्षी पीठ जास्त मळलं गेलं. सुरी घातली तर ताटलीच हलली. तिसऱ्या वर्षी पाई चांगली झाली होती. त्या वर्षी कच खाल्ली ती त्याने. पाई हातात घेऊन तो हेन्रीएटा स्ट्रीटच्या कोपऱ्यापर्यंत गेला आणि तिथून परत आला.

हे चौथं वर्ष.

एक जानेवारीला दुपारी गर्व्हनमध्ये बीफची पाई खातात. का, ते कुणी विचारत नाही. ही पाई घरी करायची पद्धत मात्र नव्हती. प्रत्येक घरात एक ॲशेट असायचं, पांढरं, निळ्या काठाचं, एनॅमलचं लंबगोल खोलगट भांडं. नाताळ संपला की ते खाटकाकडे नेऊन द्यायचं. खाटीक ते भरून, पोळी घालून, कच्चंच परत करायचा. भाजायचं ज्याने त्याने आपल्या घरी. दुकानाच्या मागच्या खोलीत तीनशे ॲशेट चवडी लावून असत. प्रत्येकाच्या तळाला पांढरी चिकटपट्टी, तिच्यावर शाईने आडनाव आणि किती पौंड मांस ते. पुढे दोन आडव्या रेघा असल्या तर मांसावर सॉसेज घालायची. नसल्या तर नाही.

या दोन रेघा म्हणजे खेळ नव्हता. गावात सॉसेज घालणारी घरं होती आणि न घालणारी घरं होती. दोहोंमध्ये लग्नं होत, मुलंबाळं होत, पण पाईवरून निदान पहिली चार-पाच वर्षं धुसफूस ठरलेली. न घालणाऱ्यांच्या मते सॉसेज म्हणजे मांस कमी घालायची युक्ती. घालणाऱ्यांच्या मते सॉसेजशिवाय पाई म्हणजे नुसती आमटी.

गोर्ले घालणाऱ्यांपैकी. तीन पौंड मांस, सहा सॉसेज. चार अर्चीची, दोन त्याच्या बायकोची. अर्ची गोर्ले बंदरावर बर्फाच्या कारखान्यात होता, आणि दर वर्षी ॲशेट घेऊन तो स्वतः यायचा. काउंटरवर भांडं आपटून म्हणायचा, "वॅटी, माझी चार मोठी बघून घाल. बायकोची कशीही चालतील." ते तीस वर्षं चाललं.

चार वर्षांपूर्वी ॲशेट घेऊन अर्ची आला नाही. त्याच्या बायको, सेंगा, आल्या. छातीचं दुखणं, घरीच आहे, म्हणाल्या. त्याच वर्षी धाकटे मालक फिन्ली मॅकक्लायमंट यांनी नवा नियम काढला होता. आदल्या साली दोन बायका चुकीच्या पाईवरून दुकानात येऊन भांडून गेल्या होत्या. फिन्ली म्हणाले, "वॅटी, यंदा डोक्यातलं काही काढायचं नाही. पट्टीवर आहे ते वाच, तेवढंच घाल. चूक झाली तर पट्टीची."

तीस तारखेला संध्याकाळी गोर्लेंचं ॲशेट त्याच्या हाताखाली आलं. त्याने उलटं करून पट्टी वाचली. गोर्ले, तीन. पुढे रेघा नव्हत्या. ॲशेट धुताना शाई गेली, की काउंटरवरच्या मुलीने रेघा मारल्याच नाहीत, कोण जाणे. वॅटीला माहीत होतं. भांडं हातात असतानाच माहीत होतं. सॉसेजचं ताट डाव्या हाताला, हातभर अंतरावर होतं. पण मागे अजून नव्वद भांडी होती, नियम नवा होता, आणि नियमाप्रमाणे वागलं की कुणी काही बोलू शकत नाही, असा एक बारीकसा हट्टही मनात होता. त्याने मांस भरलं, पोळी घातली आणि पुढचं भांडं घेतलं.

अर्ची नऊ जानेवारीला गेला. दोन आठवड्यांनी सेंगा गोर्ले दुकानात आल्या. गर्दीची वेळ, शनिवार. धुतलेलं ॲशेट त्यांनी काउंटरवर ठेवलं आणि मागच्या खोलीच्या दाराकडे बघून, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "शेवटची पाई होती त्याची. सॉसेज मागत होता. फोडून बघितली तर एक नाही. हे ठेवा तुमच्याकडेच, यात मला आता काही भरायचं नाही."

वॅटी दाराआड होता. बाहेर आला नाही. फिन्लींनी पट्टीचं कारण सांगितलं, माफी मागितली. सेंगा निघून गेल्या. दुकान बंद झालं तेव्हा सुऱ्या, करवती, तराजू सगळं विकलं गेलं. ॲशेट कुणाच्या यादीत नव्हतं. वॅटीने ते घरी आणलं.

पट्टी वाचताना चूक झाली, असं गाव समजत होतं. चूक नव्हती, हे फक्त वॅटीला माहीत होतं. तेवढं एक वाक्य त्याला सेंगा गोर्ले यांच्या दारात जाऊन बोलायचं होतं. रिकाम्या हाताने जाऊन बोलण्यासारखं ते नव्हतं, म्हणून पाई.

मांस त्याने शनिवारी मेबोलहून आणलं. गर्व्हनला आता खाटीक नाही. बसने बारा मैल जावं लागतं. तिथल्या दुकानात शोना म्हणून चाळिशीची बाई आहे, जी त्याला ओळखते आणि सोडत नाही.

"तीन पौंड? कोण येतंय, वॅटी?"

"कुणी नाही."

"एकटा माणूस तीन पौंड खातो होय. आणि सहा सॉसेज. घरात वाघ पाळलायस की बाई?"

"खांद्याचं दे. पुढच्या पायाचं थोडं त्यात. तो तुकडा नको, मागचा."

"एवढा चोखंदळ आहेस तर आत येऊन तूच काप."

तिने गंमतीने म्हटलं होतं. वॅटी क्षणभर खरंच काउंटरच्या फळीकडे बघत राहिला, ती उचलून आत जाता येतं तिकडे. मग शोनाने मांस कापलं, जरा मोठे तुकडे केले, आणि त्याने पाकीट काढून पैसे मोजले.

सव्वासातला पीठ पुन्हा आत आलं. शेवटची घडी, शेवटचं लाटणं. ॲशेट त्याने काल धुतलं होतं. तळाची जुनी पट्टी चार वर्षांत पिवळी पडली होती, पण निघाली नव्हती. त्याने ती नखाने खरवडून काढली आणि नवी लावली. गोर्ले, तीन. पुढे दोन रेघा, ठळक, दोनदा गिरवलेल्या.

मग मांस. ते डावाने काढून बसवावं लागतं; घट्ट रश्श्यासकट ते वड्यांसारखं निघतं. मधोमध आईचा अंड्याचा कप पालथा, म्हणजे पोळी खचत नाही. कपाच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन सॉसेज, तव्यावर नुसती लाल करून घेतलेली. चार मोठी कुठली, ते त्याने बघून ठेवलं. ॲशेटच्या काठाला पाणी लावलं, काठावर पिठाची बोटभर पट्टी, तिच्यावर पुन्हा पाणी आणि मग लाटण्यावर गुंडाळून आणलेली पोळी. उलगडली तेव्हा ती कुठेही ताणली गेली नाही. जास्तीची कड सुरीने उतरवली. काट्याने कडेने दाबत गेला. कपाच्या वर बरोबर बोटाच्या जाडीचं भोक. वरून फेटलेल्या अंड्याचा हात.

हे सगळं अकरा मिनिटांत झालं. दुकानात दीड मिनिट लागायचं.

मग वेळ जाईना. उजाडायला पावणेनऊ झाले. त्याने राख बाहेर टाकली, फरशी पुसली, खिडकीची काच आतून पुसली. वर्ष बदलायच्या आत घर साफ झालेलं असावं आणि दुसऱ्याची वस्तू घरात राहू नये, हे आईचं म्हणणं होतं; ती असताना एकतीस तारखेला तो शेजारच्यांची शिडी परत करायला जायचा. दाढी केली. स्वच्छ शर्ट घातला, टाय लावला, टाय काढला.

सव्वादहाला तो निघाला. ॲशेट दोन्ही हातांत, वर कागद आणि भांडी पुसायचं फडकं. बंदरावर कुणी नव्हतं. वाटेत दोन माणसं भेटली. दोघांनी मानेने ओळख दिली, फडक्याखाली काय आहे ते कुणी विचारलं नाही. हेन्रीएटा स्ट्रीटच्या कोपऱ्यावर तो थांबला नाही. थांबलो तर गेल्या वर्षीसारखं होईल, एवढं त्याला कळत होतं.

दार वाजवायला हात मोकळा नव्हता. त्याने बुटाच्या टोकाने दोनदा ठोकलं.

सेंगा गोर्ले यांनी दार उघडलं ते कोट घालूनच. वय पंच्याहत्तर, ठेंगण्या, केस नुकते बसवून आणलेले. मागे बोळात एक छोटी बॅग होती.

"वॅटी."

"मिसेस गोर्ले."

"मीटर वाचायला आल्यासारखा काय उभा आहेस?"

"तुमचं ॲशेट आणलंय. वर्ष बदलायच्या आत उसनी वस्तू..."

"उसनं कुठलं? देऊन टाकलं होतं मी."

"तरी पण."

त्यांनी फडकं एका कोपऱ्याने उचललं. पोळीकडे बघितलं, मग त्याच्याकडे.

"हे कुणी केलं?"

"मी."

"पोळी पण?"

"पोळी पण. चौथ्या खेपेला जमली."

"सॉसेज आहेत का यात?"

"सहा."

"थांब." त्या आत गेल्या आणि विणायची सुई घेऊन आल्या. मधल्या भोकातून सुई तिरकी आत घातली, जरा दाबली, बाहेर काढून टोक बघितलं. "एक तरी आहे."

"बाकीची मोजून दाखवू?"

"नको. मोजण्यात तू कधी चुकला नाहीस. वाचण्यात चुकलास."

तेवढ्यावर तो बोलला. पाठ केलेलं बरंच होतं, त्यातलं काही आठवलं नाही.

"मी वाचण्यात चुकलो नाही, मिसेस गोर्ले. पट्टीवर रेघा नव्हत्या, पण मला माहीत होतं. तीस वर्षं मीच घालत होतो. भांडं हातात घेतलं तेव्हाच माहीत होतं, आणि तरी घातली नाहीत. नियम होता म्हणून."

सेंगा गोर्ले यांनी सुई कोटाला पुसली. रस्त्याकडे एकदा बघितलं.

"तो खात नव्हता काही," त्या म्हणाल्या. "रविवारपासून. पाण्याचे घोट तेवढे. सॉसेज मागितलं खरं, पण ते नुसतं मागायचं म्हणून. असतं तरी बशीत राहिलं असतं."

"पण दुकानात तुम्ही..."

"कुणाला तरी बोलायचं होतं मला. डॉक्टर भला माणूस होता, त्याला काय बोलणार? पाई समोर दिसली." मग म्हणाल्या, "वसंतात मी दुकानाशी येऊन तुला सांगणार होते. पण मला पाहिलं की तू रस्ता ओलांडायचास. केमिस्टकडे मी रांगेत असले की तू बाहेर उभा. म्हटलं, वॅटीला राग आलाय. आला असेल तर येऊ दे. माझंही बोलणं जास्त झालं होतं."

वॅटीला राग आला नव्हता. ते सांगायला हवं होतं, पण तोपर्यंत त्या पुढचं बोलत होत्या.

"आणि यंदा मी इथे नाहीये. दोनला मुलगी येते गाडी घेऊन. एर गावाला, तिच्याकडे. ती लझान्या करते एक तारखेला, तिच्या नवऱ्याला पाई चालत नाही."

"हो का."

"तीन वर्षं तिकडेच जाते."

"मला माहीत नव्हतं."

"कसं असणार?"

हातातलं ॲशेट जड लागायला लागलं होतं. भरलेलं ॲशेट पाचेक पौंडांचं होतं. त्याने ते जरासं पुढे केलं. सेंगा गोर्ले यांनी घेतलं नाही, पण काठावर बोट ठेवलं, जिथे एनॅमलचा टवका उडून काळं लोखंड दिसतं तिथे.

"अर्चीच्या आईचं हे. रागात दिलं आणि मग पस्तावले. दुकान विकलं तेव्हा म्हटलं, गेलं भंगारात."

"माझ्याकडे होतं."

"बरं झालं. मला पाहिजे ते परत." त्यांनी बोट काढलं. "शुक्रवारी आण. सकाळी दहानंतर मी असते घरी."

"आणि पाई?"

"खा. तुझी आहे."

"सहा माणसांची आहे."

"अर्ची एकटा चार सॉसेज खायचा," त्या म्हणाल्या. "आणि शुक्रवारी रिकामं आण, वॅटी. परत काही भरून आणू नकोस. धुऊन आण."

"धुऊन आणतो."

त्यांनी फडकं पुन्हा नीट पसरलं, कडेने खोचलं, लहान मुलाला पांघरूण घालावं तितक्या सहज.

"नवं वर्ष सुखाचं जावो. येईल तेव्हा."

"येईल तेव्हा," तो म्हणाला. एकतीस तारखेला सगळे असंच म्हणतात. वर्ष यायच्या आधीच शुभेच्छा देऊन टाकलेल्या चालत नाहीत.

दार लागलं. परत जाताना त्याला वाटेत कुणी भेटलं नाही.

घरी आल्यावर त्याने ॲशेट मागच्या पायरीवर ठेवलं, वर परात पालथी घातली आणि परातीवर वीट. चहा केला. खुर्चीत बसला. चार वर्षं या दिवसांत त्याला एक काम असायचं. नोव्हेंबर लागला की पिठाची तयारी, मांस कुठून आणायचं त्याचा विचार, दारात काय बोलायचं त्याची उजळणी. झोपताना, बसमध्ये, केमिस्टच्या दाराबाहेर उभं असताना तो सेंगा गोर्ले यांच्याशी बोलत असे, आणि त्या रागावलेल्या असत. निदान कुणीतरी आपल्यावर रागावलेलं आहे, हे गृहीत होतं. त्या रागावलेल्या नव्हत्या. एरला होत्या, लझान्या खात होत्या.

त्याला बरं वाटायला हवं होतं. थोडं वाटलंही. चहा संपेपर्यंत टिकलं.

साडेतीनला अंधारायला लागलं तेव्हा तो उठला आणि हिशेब केला. शुक्रवारी दहाला ॲशेट धुतलेलं, कोरडं हवं. म्हणजे गुरुवारी रात्रीपर्यंत संपायला हवं. बुधवारी दुपारी दोन सॉसेज, रात्री एक, गुरुवारी तसंच. पोळी दुसऱ्या दिवशी मऊ पडते, पण खाता येते. टाकून द्यायचं त्याच्या मनात आलं नाही. शेजाऱ्याचा कुत्राही आता नव्हता. उरलं तर दुसऱ्या भांड्यात काढून ठेवता आलं असतं, हेही आलं नाही. ॲशेट रिकामं करायचं तर ते खाऊन, एवढंच त्याला माहीत होतं.

कागदाचा तुकडा घेऊन त्याने लिहिलं आणि ओव्हनच्या मुठीला चिकटपट्टीने लावलं. पूर्वी दुकानात प्रत्येक ॲशेटबरोबर तो असाच कागद द्यायचा, त्यामुळे अक्षरं आपोआप उमटली: दोनशे डिग्री, पंचेचाळीस मिनिटं, कड तपकिरी झाली की काढा, कापायच्या आधी दहा मिनिटं थांबा.

उद्या बुधवार, एक जानेवारी. जेवण एक वाजता, म्हणजे पाई बारा वाजून पाच मिनिटांनी ओव्हनमध्ये जाईल.